रुंद टायर की अरुंद? काळ्या रानातल्या पिकअपची गोष्ट
(समुदाय रेडिओवरील भाषण)



सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस ही दोन्ही आपल्याकडं एकदमच येतात. मळणी झालेली पोती ताडपत्रीखाली, वर आभाळ भरलेलं, आणि डांबरी रस्ता अर्धा कोस लांब. त्या अर्ध्या कोसात माल अडकला की त्याला ओल धरते. हमीभावाच्या खरेदीचा नियम १२ टक्के ओलाव्याचा आहे. २०२४ साली सरकारनं तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला होता, पण दरसाल तसंच होईल असं धरून चालता येत नाही. आणि मोंढ्यात तर हातात दाणे घेतले की आडत्याला कळतंच.

म्हणून लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच गटांनी आता स्वतःची पिकअप घ्यायचं मनावर घेतलंय. गाडी बहुधा जुनी मिळते आणि तिचे टायर झिजलेले असतात. नवे घ्यायला दुकानात गेलं की समोरून ऐकायला येतं, “ताई, जरा रुंद टाका. पकड चांगली राहते, गाडीपण भारी दिसते.” चार टायर म्हणजे गटाची कित्येक महिन्यांची बचत. तेव्हा ते बोलणं कुठं खरं आणि कुठं खोटं, हे आधी समजून घेऊ.

रुंद टायर जमिनीला जास्त टेकतो, असं आपल्याला वाटतं. तसं फारसं नसतं. टायरमधली हवा गाडीचा भार उचलून धरते. भार तेवढाच आणि हवेचा दाब तेवढाच असेल, तर जमिनीला टेकणारा भागही जवळपास तेवढाच असतो. समजा एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३५ हवा आहे. हिशेब केला तर टेकणारा भाग येतो २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पसरलेल्या तळहाताहून थोडा मोठा. टायर १५ सेंटिमीटर रुंद टेकत असेल तर तो भाग १३-१४ सेंटिमीटर लांब होतो. तोच २० सेंटिमीटर रुंद टेकला तर लांबी १०च उरते. उंडा तेवढाच आहे, भाकरी कुणी गोल थापली, कुणी लांबट.

फरक पडतो तो आकारानं. चिखलात रुंद टायर पुढचा गारा ढकलत चालतो, अडव्या धरलेल्या फावड्यासारखा. अरुंद टायर गारा दोन्ही बाजूंना सारतो आणि खाली उतरतो. ओल्या रानात वखराची पास ओढताना बैल किती दमतात आणि नांगराचा फाळ कसा कापत जातो, हे ज्यांनी बघितलंय त्यांना याहून वेगळं सांगायला नको. डांबरी रस्त्यावर साचलेल्या पाण्याचंही हेच आहे. वेगात असलेला रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागतो, अरुंद पाणी लवकर कापतो.

हे काही आजचं शहाणपण नाही. आपल्या जुन्या बैलगाडीचं चाक आठवा. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोहारानं तापवून चढवलेली लोखंडी धाव. ती धाव चार बोटं रुंद, पण चाक बाईच्या छातीला लागेल एवढं उंच. ते चाक वरचा गारा कापून खालच्या घट्ट थराला टेकायचं, आणि सगळ्या गाड्या त्याच खाचेतून जायच्या. त्या खाचेचंच नाव चाकोरी. आज आपण हा शब्द माणसाच्या वागण्याला लावतो, पण तो आला गाडवाटेवरून.

मोटारीतही तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ मापाचे टायर होते, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. पुढं महिंद्रांनी आपल्याकडं जीप आणली, तिलाही हेच माप. आणि हे माप तुमच्या दारातही असेल. पुष्कळशा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर ६.००-१६ हाच आकडा सापडतो, बघा वाचून. तिकडं स्वीडनमध्ये बर्फावर मोटारींची शर्यत होते, तिथंही मुद्दाम अरुंद टायर लावतात, वरचं भुसभुशीत बर्फ कापून खालचा कडक थर गाठायला.

आता यातली अडचण सांगते. हे सगळं चालतं ते खाली काहीतरी घट्ट असेल तर. आपली काळी माती ही काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. माळाकडच्या हलक्या रानात वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथं अरुंद टायर खाली जाऊन मुरमावर टेकतो आणि गाडी निघते. पण नदीकाठच्या, मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातल्या भारी रानात काळी पुरुषभर खोल असू शकते. तिथं अरुंद टायर कापत जातो, कापतच जातो, आणि गाडी पोटावर बसते. पोटावर बसलेली पिकअप काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. नदीच्या पात्रातल्या वाळूतही अरुंद टायर रुततो, तिथं रुंद बरा.

मग भारी काळीसाठी रुंद घ्यावा का? माझं मत विचाराल तर नाही. ओल्या खोल काळीत पिकअपला बसेल एवढ्या रुंदीचा कुठलाच टायर गाडी तारत नाही. थोडा रुंद टायर दहा पावलं जास्त नेतो आणि मग दहा पावलं जास्त आत रुतवतो. तिथं थांबायचं. पेरणीला आपण वाफसा बघतो, तसाच गाडीलाही बघायचा. मूठभर माती दाबली आणि ती हाताला चिकटली तर वाफसा नाही. दाबल्यावर गोळा झाला आणि बोटानं टोचलं की फुटला, तर पिकअप रिकामी घालून बघायला हरकत नाही. दुसरी परीक्षा काठीची. गाडवाटेत जागोजाग काठी जोरानं खुपसा. वीतभर गेल्यावर खट्ट लागलं तर खाली मुरूम आहे. कोपरापर्यंत गेली तर गाडी तिथंच उभी करा, पोती ट्रॅक्टरनं नाहीतर बैलगाडीनं तिथवर आणा. रानात भरलेली गाडी फिरवली तर माती दबून बसते, पुढच्या पिकाला ते महागात पडतं, हेही आहेच.

अरुंद टायरचा आणखी एक फायदा दुकानात कुणी सांगत नाही. पावसाळ्यात पोरं सायकल खांद्यावर घेऊन येतात, कारण चाक आणि मडगार्डच्या मध्ये काळी माती गच्च बसते आणि चाक फिरत नाही. पिकअपचंही तेच. मापाबाहेरचा रुंद टायर घातला की आजूबाजूची मोकळी जागा भरते. माती पडायला वाट उरत नाही, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासतो. अरुंद टायरला माती झाडून टाकायला जागा मिळते. टायरवरच्या खाचाही त्यासाठी लांब-लांब असलेल्या घ्याव्यात. बारीक नक्षीच्या टायरवर मातीचा लेप बसतो आणि तो गुळगुळीत लाडू होतो. पुष्कळ पिकअपवाले पुढं सरळ पट्ट्यांचा आणि मागं मोठ्या दातांचा टायर लावतात. पुढचा वळतो नीट, मागचा ओढतो नीट.

आता टायरवरचे आकडे. पिकअपच्या टायरमध्ये ७.०० आर १५ आणि २१५/७५ आर १५ ही मापं नेहमी दिसतात. पहिल्यातले ७ म्हणजे सात इंच रुंदी, साधारण १८ सेंटिमीटर. दुसऱ्यातले २१५ म्हणजे २१५ मिलिमीटर, साडेएकवीस सेंटिमीटर. १५ ही दोन्हीत रिमची मापं, इंचात. पण उंची बघा. सात इंची टायर ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच भरतो, तो रुंदवाला ७० सेंटिमीटर. म्हणजे अरुंद टायर उंचही आहे, आणि खड्ड्यातून, चाकोरीतून चढायला उंचीच कामाला येते. म्हणून नुसतं अरुंद बघून फसू नका. छोट्या हत्तीचा टायर १४५ मिलिमीटरचा, याहूनही अरुंद, पण त्याचं रिम १२ इंची. डांबरावर तो गुणी, पांदणीत मात्र खड्डा आला की चाक आत बसतं.

गाडीला कुठली मापं चालतात ते कंपनीनं ठरवलेलं असतं. गाडीवरच्या पाटीवर नाहीतर माहितीपुस्तकात ते लिहिलेलं असतं. त्यातलंच अरुंद आणि उंच माप निवडायचं. त्याबाहेर गेलात तर वेगाचा काटा चुकीचं दाखवतो, आणि पासिंगला, विम्याला प्रश्न उभे राहतात.

आता जे सांगते ते रुंदीपेक्षाही महत्त्वाचं, म्हणून नीट ऐका. टायर किती भार उचलतो हेही त्याच्यावर छापलेलं असतं. मापाच्या पुढं एक आकडा असतो. ९१ म्हणजे ६१५ किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. भरलेल्या पिकअपचं सगळं वजन तीन टन धरलं, तर त्यातलं दोन टनांच्या आसपास मागच्या दोन चाकांवर येतं, एकेका टायरवर हजार किलो. तिथं कुणी कारचा ९१ नंबरचा टायर स्वस्तात गळ्यात मारला तर तो उभा दिसेल, चालेलही, आणि मे महिन्यात तापलेल्या डांबरावर, लातूरच्या वाटेवर, भरल्या गाडीखाली फुटेल. मालाच्या टायरवर एलटी अशी खूण असते, आणि ८ पीआर, १२ पीआर असं बळ लिहिलेलं असतं. बिलावर माप, भाराचा आकडा आणि पीआर हे तिन्ही लिहून घ्या.

तुरीच्या धसकटांसाठीही हे बळ लागतं. तूर कापल्यावर राहिलेले खुंट सुळ्यासारखे असतात, ते टायरच्या कुशीत घुसतात. कुशीला पडलेलं भोक पंक्चरवाला नीट जोडू शकत नाही. तूर निघालेल्या रानात गाडी घालूच नका, बाभळीच्या कुपाटीपाशीही जपून.

टायरच्या कुशीवर चार आकडे असतात, तेही वाचायला शिका. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. जुन्या गाडीवर खाचा भरपूर दिसल्या तरी रबर जुनं होऊन बारीक तडे गेलेले असतात, ते या आकड्यानं पकडता येतं. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला नको.

बायांनो, मजूर बाया पिकअपच्या मागं उभ्या राहून कामाला जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्यानं मना आहे, अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते. मागचा टायर फुटला की गाडी एका अंगाला झोल खाते, आणि पोत्यांचं जे होतं तेच माणसांचं होतं. गटाची गाडी घेतलीत तर गटाच्या ठरावातच हे लिहा की हिच्या मागं माणसं बसणार नाहीत.

हवेबद्दल एवढंच, की भरलेल्या गाडीला पुस्तकात लिहिलेली पूर्ण हवा ठेवा. पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो. गाडी रुतल्यावर हवा थोडी कमी केली की टेकणारा भाग लांब होतो आणि गाडी निघते, ही युक्ती खरी आहे. पण ती रिकाम्या गाडीला, सावकाश चालवताना, आणि जवळ पंप असेल तेव्हाच. कमी हवेवर भरली गाडी डांबरावर पळवली तर टायरची कूस तापून टायर जातो.

मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली आली, रोजगार हमीच्या जोडीनं. तुमच्या पांदणीवर मुरूम पडला तर टायरचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. ग्रामसभेत बाया एकगठ्ठा जाऊन रस्त्याचं नाव आराखड्यात घालून घ्या.

आणि दुकानातून निघताना स्टेपनी बघा. चार टायर नवे सात इंची आणि स्टेपनी जुन्या मालकाची रुंद, बुटकी, असं पुष्कळदा असतं. तशी स्टेपनी मागच्या एका बाजूला लावली तर दोन चाकांची उंची वेगळी होते, गाडी एका अंगाला ओढते आणि मागचा गिअर झिजतो. जुन्या चारातला त्याच मापाचा, तडे न गेलेला एखादा टायर असला तर तोच स्टेपनीला ठेवा. तसा नसला तर पाच टायरचा भाव विचारा.