पाच एकर धानाची शेती कशी सांभाळाल? बांधीपासून सातबाऱ्यापर्यंत ६ गोष्टी

गोंदिया जिल्ह्यात खरीप म्हणजे धान. मेहनत सगळेच करतात, पण हंगामाअखेर हिशेब बिघडतो तो छोट्या गोष्टींमुळे. कुठे धुरा फुटलेला असतो, कुठे तुडतुडे उशिरा दिसतात, तर कुठे पीक नोंदणी राहून जाते. पाहूया, कधी काय करायचे.

१. आधी धुरे, मग नांगर
एका एकरात ५ सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तर ते सुमारे २ लाख लिटर भरते. खेकड्याच्या एका बिळातून ते रात्रीत वाहून जाऊ शकते. म्हणून पावसाआधीच धुरे बांधून घ्या, बिळे बुजवा आणि पाणी काढायची जागा पक्की करा. शेतात बोडी असेल तर तिचा गाळ उन्हाळ्यातच काढा. मामा तलावाचे किंवा इटियाडोहचे पाणी मिळत असले, तरी पाटातील गवत काढणे आपल्याच हातात आहे. धुऱ्यावर तूर लावली की घरची डाळ निघते.

२. पऱ्हे मोजून टाका
एका एकराच्या रोवणीला ४ गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाका. तरंगणारे पोचट बी काढून टाका. तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवणी करा. एका चुडात २-३ रोपे पुरे. फार वयस्क रोपाला फुटवे कमी येतात.

३. युरिया एकदम नको
नत्राचा अर्धा हप्ता रोवणीला द्या. उरलेल्याचे दोन भाग करा. एक फुटवे येताना आणि दुसरा लोंबी धरण्याच्या वेळी द्या. पीक हिरवेगार दिसावे म्हणून जास्त युरिया टाकला, तर तुडतुड्यांना आमंत्रण मिळते.

४. तुडतुडे बुडाशी शोधा
तुडतुडे पानावर नाही, चुडाच्या बुडाशी बसतात. त्यामुळे धुऱ्यावरून नजर टाकून भागत नाही, बांधीत उतरून चूड वाकवून पाहा. एका चुडात १० च्या आसपास तुडतुडे दिसले, तर पाणी काढा आणि कृषी सहायकाच्या सल्ल्याने फवारणी करा. रोवणीतच दर १० ओळींनंतर एक फुटाचा पट्टा मोकळा सोडला, तर हवा खेळते आणि फवारणीही बुडापर्यंत पोहोचते.

५. ओल वाया घालवू नका
धान कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, बांधीतील पाणी काढल्यावर ओल्या जमिनीत जवस किंवा लाखोळी फोकून देता येते. या उतेरा पद्धतीत नांगरटीचा खर्च नाही. मात्र मोकाट जनावरे आवरायला गावाने एकत्र ठरवावे लागते.

६. सातबारा आणि ई-पीक पाहणी
सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. सरकारी केंद्रावर धान विकताना सातबाऱ्यावर धानाची नोंद लागते. ही नोंद मोबाइलवरील ई-पीक पाहणीतून मुदतीत करायची असते. केंद्रावरची नोंदणीही वेगळी करावी लागते.

२०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. समजा, पाच एकरांत ६० क्विंटल धान झाले आणि नोंद नसल्याने ते ३०० रुपये कमी भावाने विकावे लागले, तर १८,००० रुपये गेले. शेत ठेक्याने दिले असेल, तर पीक कोणाच्या नावे विकायचे आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे पेरणीआधीच लेखी ठरवा. आजोबांच्या नावे असलेल्या सातबाऱ्यावर वारस नोंद राहिली असेल, तर तीही हंगामाआधी तलाठ्याकडून करून घ्या.

विकण्यापूर्वी एवढे तपासा
- धानात ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर केंद्रावरून परत यावे लागेल.
- काडीकचरा उफणून काढा.
- सातबारा, आधार आणि बँक खात्यावरील नाव सारखेच आहे ना, ते पाहा.
- केंद्रावरील पावती मोजमाप पाहूनच घ्या आणि पैसे जमा होईपर्यंत जपून ठेवा.