मशीन चुकत नाही कशावरून?



माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचे कॅन्सरचे उपचार सुरू आहेत. आपल्याकडे ज्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात, तो किरणोपचार. शनिवार-रविवार सोडून रोज कर्जतहून लोकलने मुंबईला जायचं, काही मिनिटांचा उपचार घ्यायचा आणि परत यायचं. अशा पंचवीस फेऱ्या. एक दिवस मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बाई, ते मशीन चुकत नाही कशावरून?”

मला उत्तर देता आलं नाही. पण माझी खोपोलीची मामेबहीण नेमकं हेच काम शिकते आहे. तिला फोन केला, आणि तिने जे सांगितलं ते आपल्या मापनाच्या धड्याशी इतकं जवळचं निघालं की इथे लिहावंसं वाटलं.

या कामाला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. डॉक्टर ठरवतात किती मात्रा कुठे द्यायची, आणि मशीन खरोखर तेवढीच मात्रा देतं का हे फिजिसिस्ट मोजतो. मात्रेचं एकक आहे ग्रे. ५० ग्रे मात्रा २५ दिवसांत द्यायची तर रोज २ ग्रे. कमी पडली तर गाठ उरेल, जास्त झाली तर शेजारचा चांगला भाग भाजेल. भौतिकशास्त्रात एमएस्सी, मग रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा (भाभा अणुसंशोधन केंद्रात तो १९६२ पासून चालतो) आणि त्यानंतर रुग्णालयात एक वर्षाची इंटर्नशिप. ही इंटर्नशिप अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार करावीच लागते. नुसत्या डिप्लोम्यावर कुणी मशीन हातात देत नाही. (आपलं डीएड आठवलं ना? पाठ घेतल्याशिवाय सुटका नाही!)

आता मोजतात कसं ते पाहू. माणसाचं शरीर बरंचसं पाण्यासारखं वागतं, म्हणून मशीनखाली पाण्याची टाकी ठेवतात. त्यात पेन्सिलीएवढं एक उपकरण बुडवतात. त्याच्या टोकाशी साधारण ०.६ घनसेंटीमीटर हवा असते. किरण त्या हवेतून गेले की विद्युतभार तयार होतो, तो मोजायचा. ही हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते. म्हणजे बाहेर हवा विरळ तर आतही विरळ, आणि आकडा कमी येणार.

हे मुलांना समजवायला आपल्याकडे माथेरान आहेच! समजा तेच मशीन नेरळहून उचलून माथेरानला नेलं. सुमारे ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ९ टक्क्यांनी कमी असतो. मशीन पूर्वीइतकीच मात्रा देत असेल, पण उपकरण म्हणेल ९ टक्के कमी. तो आकडा खरा मानून कुणी मशीन ‘वाढवलं’, तर रुग्णाला जास्त मात्रा जाईल. म्हणून दर वेळी दाब आणि तापमान लिहून दुरुस्ती करायची असते.

तापमानाच्याच बाबतीत आमच्या बाईसाहेब फसल्या. सकाळी नळाचं पाणी टाकीत भरलं आणि लगेच मोजायला सुरुवात. खोलीत एसी, भिंतीवरच्या तापमापकात २२ अंश, तोच आकडा हिशेबात धरला. उत्तर आलं, मशीन जवळजवळ ३ टक्के कमी देतंय. महिन्याच्या तपासणीत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही. ही घाबरून सरांकडे धावली. सर एवढंच म्हणाले, “पाण्यात हात घालून बघ.”

पाणी कोमट होतं. ३० अंश! गरम हवा विरळ असते, म्हणून आकडा कमी आला होता. मशीन बरोबर होतं. “ताई, त्यांनी मला चूक सांगितली असती ना, तर मी विसरले असते,” असं ती म्हणाली. आता ती आदल्या दिवशी टाकी भरून ठेवते आणि तापमापक पाण्यातच बुडवते.

माझ्या मते सरांचं ते एक वाक्य म्हणजे अख्खा पाठ. पण त्याबरोबर दुसराही नियम आहे. एकाने मोजलेलं दुसऱ्याने, पहिल्याचा आकडा न बघता, पुन्हा मोजायचं. इंग्लंडमधल्या एक्सिटरला १९८८ साली नवा कोबाल्ट स्रोत बसवताना मोजमापात चूक झाली आणि दोनशेहून अधिक रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त मात्रा गेली. बाहेरच्यांनी स्वतंत्रपणे मोजलं तेव्हा ते उघड झालं. मशीन बिघडलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन बादल्या ठेवल्या, एक उन्हातली, एक सावलीतली. मुलांनी तापमान घेतलं, मग शेजारच्या गटाने वही न बघता पुन्हा घेतलं. तीन गटांचे आकडे जुळले नाहीत, तेव्हा परत मोजलं. त्या मुलाला सांगितलं की तुझ्या आईचं मशीन रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी कुणीतरी असंच तपासतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, “आणि तपासणारा चुकला तर?”

“त्याला तपासायला दुसरा असतो,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” म्हणाला आणि बादली उचलून झाडांना पाणी घालायला गेला. आईच्या अजून सहा फेऱ्या राहिल्या आहेत.