घरकुल मंजूर, पण जागा देवाची!

मैत्रिणींनो, घरकुलाच्या यादीत नाव आलं की घरात आनंद होतो. पण गटाच्या बैठकीत एक अडचण पुन्हा पुन्हा कानावर येते : "नाव आलंय ताई, पण जागाच नाही. देवस्थानाच्या माळावर एक गुंठा मिळतोय, स्टॅम्पवर लिहून देतो म्हणतात. गटातून कर्ज उचलू का?"

कर्जाचं ठरवण्याआधी ही जमीन असते कुणाची, ते समजून घेऊया.

मालक देवच

पूर्वी देवळाच्या पूजेसाठी, दिवाबत्तीसाठी जमिनी लावून दिलेल्या असत. त्यांना देवस्थान इनाम म्हणतात. कायद्याच्या नजरेत या जमिनीचा मालक देव. पुजारी किंवा वहिवाटदार फक्त सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं. आता जो मालकच नाही, तो विकणार काय? स्टॅम्पवरच्या लिखापढीने जागा आपली होत नाही. पैसे जातात, बांधकाम अतिक्रमण ठरू शकतं, आणि गटाचा हप्ता मात्र चुकत नाही. वक्फच्या जमिनीचंही तसंच, ती परस्पर विकता येत नाही.

मग तिथे घर होणारच नाही का?

होऊ शकतं, पण सरळ वाटेने. ही वाट म्हणजे भाडेपट्टा. जमीन देवाचीच राहते, भाडं दिवाबत्तीला जातं आणि गरिबाला छप्पर मिळतं. त्यासाठी आधी विश्वस्तांचा ठराव हवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ३६ नुसार ट्रस्टची बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. शेतजमिनीला ही मुदत १० वर्षांची आहे. इनाम जमीन असेल तर महसूल खात्यालाही विचारावं लागतं. याला वेळ लागतो. एकटी बाई खेटे घालून दमते. म्हणून गावात अशा चार-पाच जणी असतील, तर विषय ग्रामसंघाने हाती घ्यावा, ग्रामसभेत मांडावा. भाडेपट्ट्याच्या जागेवर घरकुलाचे पैसे मिळतील का, हेही पंचायत समितीकडून आधीच लेखी घ्यावं.

दुसरी, जवळची वाट

घरकुल मंजूर आहे पण जागा नाही, अशांसाठी राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला तिच्यातून मदत मिळते. ही मदत सुरुवातीला ५० हजार होती, पुढे १ लाखापर्यंत वाढवली. आज किती मिळते, ते ग्रामसेवकांना विचारा. गावठाणात जागा शिल्लक आहे का, हेही त्यांनाच विचारा.

पैसे देण्याआधी एवढं कराच

- तलाठ्याकडून ताजा सातबारा काढा. भोगवटादार म्हणून देवाचं किंवा देवस्थानाचं नाव आहे का, 'वर्ग ३' लिहिलंय का, ते बघा. इतर हक्कांचा रकानाही वाचा.
- वाचता येत नसेल तर सीआरपी ताईंकडून वाचून घ्या.
- कागद बघितल्याशिवाय इसारही देऊ नका.
- जागेसाठी कर्ज मागितलं, तर गटाने सातबारा बघूनच ठराव करावा.

कागद मागायला लाजू नका. भिंत उभी राहिल्यावर रडण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.