तलावाच्या काठावरचं काम

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला पोहण्याच्या तलावाशेजारच्या हिरवळीवर कॉलेजातली एक मुलगी काळा मार्कर घेऊन बसली होती. तिच्यापुढे पोरांची रांग होती. एकेक पोर हात पुढे करी, ती त्यावर तीन रकाने आखून आकडे लिही. माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या हातावर आलं : १२, ३, ४. महिन्यापूर्वीच सांगलीहून आलेल्या बाबांनी तो हात धरून निरखला आणि विचारलं, "हे काय लिहिलंय गं?" मला सांगता आलं नाही. व्हर्जिनियात राहून नऊ वर्षं झाली होती. घर, शाळा, कर, विमा, सगळं आम्ही शिकून घेतलं होतं. पण गल्लीच्या टोकाला असलेल्या या तलावावर काय चालतं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. बारावी शर्यत, तिसरी तुकडी, चौथी लेन. तलावाच्या कुंपणावर शर्यतींची यादी चिकटवलेली असते. ती बघायची, बाराचा आकडा जवळ आला की पोराला बाकावर नेऊन बसवायचं, पुढचं तिथली माणसं बघतात. हे मला शेजारच्या एका आईनं दोन मिनिटांत सांगितलं. एवढ्याशा माहितीवाचून आम्ही दोन उन्हाळे कुंपणाबाहेर काढले होते. म्हणून हा लेख. अमेरिकेत नव्यानं गेलेल्या मराठी घरांसाठी आणि मे-जूनमध्ये मुलाकडे-मुलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांसाठीही, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांबरोबर तलावावर तेच जास्त असतात.

अमेरिकेतल्या उपनगरांत वस्तीचे म्हणून तलाव असतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते, त्या शनिवार-रविवारी ते उघडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, बंद होतात. या तलावांच्या मुलांच्या टीम असतात आणि शेजारच्या तलावांशी त्यांच्या शर्यती होतात. आमच्या भागातली नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विम लीग १९५६ पासून चालू आहे. आज तिच्यात शंभराहून जास्त तलाव आहेत. नदीपलीकडे मेरीलँडमध्ये माँटगोमेरी काउंटीची अशीच लीग आहे. ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदकं मिळवणारी केटी लेडेकी सहाव्या वर्षी त्याच लीगमधल्या वस्तीच्या एका तलावावर, पॅलिसेड्सला, शर्यतीत उतरू लागली. तिचं नाव घेतलं की आपल्याकडच्या आईबापांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच सांगते : या टीममध्ये येणारी बहुतेक मुलं पुढे कुठल्याही राष्ट्रीय स्पर्धेत जात नाहीत, आणि ती त्यासाठी येतही नाहीत.

या तलावांचा इतिहास मात्र निर्मळ नाही. पन्नास आणि साठच्या दशकांत यांतले कितीतरी क्लब फक्त गोऱ्यांसाठी होते. आमच्याच फेअरफॅक्स काउंटीत लिटल हंटिंग पार्क नावाची संस्था होती. वस्तीचं मैदान आणि तलाव तिच्या ताब्यात होते. पॉल सलिव्हन या गोऱ्या गृहस्थानं आपलं घर फ्रीमन या कृष्णवर्णीय माणसाला भाड्यानं दिलं आणि घराबरोबर येणारं तलावाचं सभासदत्वही त्याच्या नावे केलं. संस्थेनं फ्रीमनला नाकारलं. सलिव्हननं हरकत घेतली, तर त्यालाही काढून टाकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये निकाल सलिव्हनच्या बाजूनं लागला. १९७३ मध्ये मेरीलँडमधल्या व्हीटन-हेवन या तलावाविरुद्धही असाच निकाल झाला. आपल्या मुलांच्या हातावर आज आकडे लिहिले जातात, त्यामागे ही माणसं आहेत. कायद्याचं कुंपण त्यांनी पाडलं. आता उरलंय ते माहिती नसण्याचं आणि संकोचाचं, आणि ते आपल्यालाच ओलांडायचं आहे.

आता कामाचं. टीममध्ये यायचं तर बहुतेक ठिकाणी आधी तलावाचं सभासदत्व लागतं. काही तलावांची प्रतीक्षायादी काही वर्षांची असते, म्हणून मूल तीन-चार वर्षांचं असतानाच नाव घालून ठेवावं. टीमची नोंदणी बहुधा उन्हाळ्याच्या बरीच आधी सुरू होते. दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं : ही टीम म्हणजे पोहणं शिकवणारा वर्ग नव्हे. मुलाला निदान तलावाची एक लांबी, म्हणजे आमच्याकडे पंचवीस मीटर, न थांबता जाता आलं पाहिजे, अशी साधारण अपेक्षा असते. येत नसेल तर हिवाळ्यात बंदिस्त तलावावर शिकवून घ्या. अनेक टीम अगदी लहानांसाठी वेगळा गटही ठेवतात. आणि मूल टीममध्ये आहे म्हणून पाण्याजवळ त्याच्यावरची नजर काढू नका. या देशात एक ते चार वर्षांची मुलं दगावण्याचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे आहे. टीममधल्या मुलाची धाकटी भावंडं नेमकी त्याच वयाची असतात आणि शर्यतींच्या, म्हणजे मीटच्या, गर्दीत काठावरच फिरत असतात.

प्रॅक्टिस मेच्या शेवटी सुरू होते. शाळा चालू असेपर्यंत संध्याकाळी, जूनच्या मध्यात शाळा सुटली की सकाळी. पहिल्या आठवड्यात पाणी इतकं गार असतं की पोरांचे ओठ निळे पडतात आणि निम्मी मुलं रडत बाहेर येतात. माझीही आली. तिसऱ्या दिवशी मी तिला काढूनच घेणार होते. कोच म्हणाला, दहा दिवस द्या. दहा दिवसांत पाणीही तापलं आणि ती सकाळी माझ्याआधी उठून बसू लागली. सामान फार लागत नाही. पोहण्याचा पोशाख, टोपी, दोन गॉगल (एक हरवतोच) आणि जाडजूड टॉवेल. आपल्या मुलींचे केस लांब असतात. टोपी घालण्याआधी साध्या पाण्यानं केस पूर्ण भिजवले की क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. पोशाखाबद्दल घरात अवघडलेपण असेल तर टीमच्या प्रतिनिधीशी आधीच मोकळेपणानं बोला. आपल्या आधी अनेकांनी हे विचारलेलं असतं.

मीट दोन तऱ्हेच्या. शनिवारी सकाळची ए मीट ही लीगची अधिकृत लढत; आमच्या लीगमध्ये तिथं प्रत्येक शर्यतीत दोन्ही टीमचे तीन-तीनच जण उतरतात, पहिल्या तिघांना पाच, तीन, एक असे गुण. आठवड्यातल्या संध्याकाळची बी मीट ही सगळ्यांची. नव्या मुलांनी आणि नव्या आईबापांनी सुरुवात तिथूनच करावी. वयोगट आठपर्यंत, नऊ-दहा, अकरा-बारा, तेरा-चौदा आणि पंधरा ते अठरा. वय एक जूनचं धरतात. आधी फ्रीस्टाइल, मग बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, शेवटी रिले. सबंध सकाळ जाते आणि आपलं मूल पाण्यात असतं सगळं मिळून एक मिनिटभर. उरलेला वेळ तंबूखाली पत्ते, पाठीवर मार्करनं लिहिलेल्या घोषणा, आणि खाणं. घरून केळी, दहीभात, पोळीचा लाडू, काहीही न्या. फक्त शेंगदाण्याची चिक्की किंवा दाण्याचा लाडू दुसऱ्याच्या मुलाला देऊ नका. इथं कित्येक मुलांना दाण्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते. ढग गडगडले की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबतात. तेव्हा घाईनं घरी निघू नका. मीट पुन्हा सुरू होते.

आणि मग येतो तो दिवस, ज्या दिवशी मूल बाद ठरतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. माझी लेक दुसरी आली होती, हसत वर बघत होती, आणि काठावरच्या पांढऱ्या शर्टातल्या पंच बाईंनी हात वर केला. उजवा हात आधी लागला होता. आमच्या घरात परीक्षेत कोणी नापास झालं नव्हतं, तेव्हा हे कसं घ्यावं ते मला कळेना. मी तावातावानं पंचांकडे निघाले. कोचनं वाटेतच अडवलं आणि पंचांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. कारणांच्या यादीत एका चौकटीत खूण होती. तो म्हणाला, काय चुकलं ते नेमकं लिहून मिळालंय, उद्या सकाळी आम्ही त्यावरच काम करू. त्या चिठ्ठीकडे शिक्षा म्हणून बघणं मी तेव्हा सोडलं. लेक त्या उन्हाळ्यात आणखी दोनदा बाद झाली. लहान मुलांत हे इतकं सर्रास होतं की, कोणी एकदाही बाद झालं नाही तर मला नवल वाटतं. पालकांनी पंचांशी वाद घालायचा नसतो. शंका असेल तर ती टीमच्या प्रतिनिधीकडे द्यायची.

मुलाला काय विचारायचं, हेही शिकावं लागतं. कितवा आलास, हा प्रश्न आपल्या जिभेवर बसलेला आहे. इथं मुलं एकमेकांना वेळ विचारतात. मागच्या आठवड्यात पंचवीस मीटरला ३१ सेकंद लागले होते, आज २९, म्हणजे पोर सहावं आलं तरी उड्या मारतं, आणि त्याच्या उड्या खऱ्या असतात. तिथं आपण पहिल्या आलेल्या मुलाचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरतो. मी हे केलंय, आणि तो चेहरा मला अजून दिसतो.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं काय वाटतं म्हणाल, तर ते काठावरचं काम. कोच सोडले तर मीटचा सगळा डोलारा आईबापांच्या खांद्यावर असतो. सुरुवात करून देणारा, पंच, रांग लावणारे, निकालाचं टेबल, रिबिनींवर नावं चिकटवणारे, बर्गर भाजणारे, सगळे फुकट राबणारे शेजारी. प्रत्येक घरानं हंगामात ठरावीक वेळा काम करायचंच असतं. आपली माणसं इथं मागे राहतात. आळसानं नव्हे; आपल्याला पोहता येत नाही, मग आपण तिथं काय करणार, असं वाटतं म्हणून. मलाही तेच वाटायचं.

टायमरचं, म्हणजे वेळ मोजणाऱ्याचं, काम बघा. मोठ्या मीटला एका लेनला तीन टायमर, तिघांच्या हातात घड्याळं. छोट्यांची पंचवीस मीटरची शर्यत पलीकडच्या टोकाहून सुटते आणि टायमर उभे असतात ती जिथं संपते त्या टोकाला. सुटण्याचा आवाज होतो तेव्हाच यंत्रावरचा दिवा लखकन चमकतो. घड्याळ दाबायचं ते दिव्यावर. आवाज पंचवीस मीटर येईपर्यंत सेकंदाचे सात शतांश निघून जातात आणि मुलांचे निकाल शतांशांवर लागतात. मग मूल जवळ आलं की पुढे सरकायचं, काठावरून वाकून थेट खाली भिंतीकडे बघायचं आणि अंगाचा कोणताही भाग भिंतीला लागताक्षणी दाबायचं. पायांवर, कपड्यांवर पाणी उडतं. तिघांचे आकडे कागदावर मांडायचे : समजा २९.४१, २९.५२, २९.३८. मधला आकडा तो निकाल. २९.४१.

दुसऱ्या शनिवारी एका लेनला तिसरा माणूस कमी पडला. बाबा सावलीत खुर्चीवर बसले होते. ते सत्तरीचे, इंग्रजी जेमतेम. पण कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेले आणि तरुणपणी पुरात आयर्विन पुलावरून उड्या मारलेले. कोणीतरी त्यांच्या हातात घड्याळ दिलं, दिव्याकडे बोट दाखवलं. तीन तास ते लेन चारवर उभे होते. त्यांचा आकडा दरवेळी इतर दोघांच्या जवळ येई. दमलेल्या पोरांना ते वाकून हात देत आणि "शाब्बास!" म्हणत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत लेन चारची पोरं वर आली की शाब्बास ऐकायला थांबायची. परत सांगलीला जाताना बाबांनी त्या तलावावरच्या वीसेक माणसांचा नावानिशी निरोप घेतला. तोवर मला त्यांतली पाचही ठाऊक नव्हती.

या जूनमध्ये तुम्ही, किंवा तुमच्याकडे आलेले आईवडील, तलावाच्या कुंपणाशी उभे असाल तर आत जा आणि टायमर म्हणून नाव द्या. शिकायला दहा मिनिटं लागतात, पोहता यावं लागत नाही, आणि घड्याळ तेच देतात.