ब्रह्मगिरीची फेरी : एका दिवसात डोंगराभोवती

हमद पोर्ट (कतार) : दोह्याच्या दक्षिणेस, उम्म अल हौलच्या किनाऱ्यावर वसलेले हमद बंदर हे संपूर्णपणे सपाट जमिनीचे जग आहे. येथील किनारा खोदून सुमारे ४ किलोमीटर लांब, ७०० मीटर रुंद आणि १७ मीटर खोल अशी गोदी तयार करण्यात आली. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे जहाजांची ये-जा सुरू झाली आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात शेजारी राष्ट्रांनी कतारशी दळणवळण तोडले, तेव्हा मुंद्रा व न्हावा शेवा या भारतीय बंदरांना हमदशी थेट जोडणारी मालवाहतूक सेवा सुरू झाली. महाराष्ट्राचा किनारा आणि हे बंदर यांचे नाते तेव्हापासून अधिक घट्ट झाले आहे.

कतारमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या नजरेला मात्र डोंगर पडत नाही. या द्वीपकल्पाचे सर्वोच्च ठिकाण, कुरैन अबू अल बौल, अवघे १०३ मीटर उंच आहे. नदी नाही, वर्षभरात पडणारा पाऊस शंभर मिलिमीटरही भरत नाही आणि पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवावे लागते. श्रावणात येथे उन्हाची तलखी एवढी असते की १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन या वेळेत उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे. नेमक्या त्याच दिवसांत, विमानाने साडेतीन-चार तासांच्या अंतरावर, सह्याद्रीत एक जुनी पायवाट माणसांनी भरून जाते. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथून निघून ब्रह्मगिरी डोंगराला वळसा घालून पुन्हा त्र्यंबकेश्वरी येणारी ही वाट ‘ब्रह्मगिरीची फेरी’ म्हणून ओळखली जाते. ऑगस्टच्या सुटीत मायदेशी जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात ही फेरी असते. तिची रचना, तिच्यामागचा विचार आणि त्या वाटेवरचे आजचे प्रश्न समजून घेतले, तर चालण्याला अधिक अर्थ येतो.

शिखर नव्हे, वळसा

ब्रह्मगिरीची उंची १,२९८ मीटर. गिर्यारोहणाच्या आधुनिक कल्पनेनुसार डोंगर गाठायचा म्हणजे माथा गाठायचा. फेरीची कल्पना याहून वेगळी आहे. डोंगर उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती चालत राहायचे, माथ्याकडे पाहायचे, पण त्यावर पाय ठेवलाच पाहिजे असा आग्रह धरायचा नाही, ही प्रदक्षिणेची रीत आहे. युरोपात, विशेषतः फ्रान्सच्या ग्रामीण भागात, सकाळी एका खेड्यातून निघून कडे, दऱ्या आणि वाड्या-वस्त्या ओलांडीत संध्याकाळी त्याच खेड्यात परतण्याच्या वर्तुळाकार पायवाटा लोकप्रिय आहेत. तेथे झाडांवर व दगडांवर रंगाच्या पट्ट्या ओढून मार्ग दाखवलेला असतो. ब्रह्मगिरीभोवती अशा पट्ट्यांची गरज फारशी भासली नाही. तीर्थे, देवळे, ओढे आणि पुढे चालणारी माणसे हीच येथील खूण.

यात एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. शिवमंदिरात पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नाही, तेथूनच मागे फिरायचे, असा संकेत आहे. ब्रह्मगिरी तर श्रद्धेने साक्षात शिवरूप मानला जातो. तरीही त्याची फेरी पूर्ण घातली जाते आणि त्याच्या अंगावरून उतरणारे अनेक ओढे चालणाऱ्याला ओलांडावेच लागतात. मंदिरातील नियम डोंगरावर जसाच्या तसा लागू न करण्याचे शहाणपण परंपरेने दाखवले आहे.

वारकरी संप्रदायाच्या स्मृतीतही या फेरीला मोठे स्थान आहे. विठ्ठलपंत आपल्या मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालीत असता वाटेत वाघ आला, सर्वांची पांगापांग झाली आणि वाट चुकलेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचला, अशी परंपरागत कथा आहे. नाथपंथाचा उपदेश निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांकडे आला, तो या चुकलेल्या वाटेमुळे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे. पौष वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते.

मार्ग

फेरीचा आरंभ कुशावर्त तीर्थावर होतो. नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने अठराव्या शतकात उभारणीस आलेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणातील मंदिर येथून जवळच आहे. स्नान किंवा नुसते मार्जन करून यात्रेकरू नाशिकच्या रस्त्याने बाहेर पडतात. प्रयागतीर्थाशी, पेगलवाडीजवळ, वाट उजवीकडे वळते आणि पहिनेच्या दिशेने दक्षिणेस जाते. पावसाळ्यात पहिनेच्या परिसरातील कड्यांवरून असंख्य धबधबे कोसळत असतात. नाशिककरांची येथे सुटीच्या दिवशी गर्दी असते.

पहिनेनंतर डोंगराची दुसरी बाजू सुरू होते. कोजुली, भिलमाळ, धाडोशी ही गावे, गौतम ऋषींचे स्थान आणि नंतर सापगाव असा हा पश्चिमेचा टप्पा आहे. भाताची खाचरे, उतारावरची नागली आणि वरई, मधूनच खुरासणीचे तुकडे, कौलारू घरे आणि धुक्यात हरवणारा कडा असे दृश्य सतत सोबत असते. सापगावनंतर जव्हारकडून येणाऱ्या रस्त्याचा आधार घेत वाट पुन्हा त्र्यंबकेश्वरात उतरते. ही लहान फेरी साधारण २० किलोमीटरची. सुमारे ४० किलोमीटरची मोठी फेरीही काही जण करतात. लहान फेरीस पावसाच्या मानाने सहा ते आठ तास लागतात. काही भाग डांबरी रस्त्याचा आहे, काही भाग चिखलाचा. मोठा चढ नसला, तरी निसरड्या उतारावर घाई परवडत नाही.

दोन समुद्रांची पाणलोट रेषा

या वर्तुळाचे खरे वैशिष्ट्य पायाखालच्या पाण्यात आहे. ब्रह्मगिरीच्या पूर्वेकडचे पाणी गोदावरीत जाते. ते नाशिक, पैठण, नांदेड असे मार्गक्रमण करीत १,४६५ किलोमीटरनंतर आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. पश्चिमेच्या उतारावरचे पाणी वैतरणेत उतरते आणि तुलनेने थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठते. वैतरणेवरील मोडकसागर, अप्पर वैतरणा व मध्य वैतरणा हे जलाशय मुंबईची तहान भागवतात. म्हणजे मुंबईत वाढलेल्या पुष्कळ मराठी माणसांनी नकळत याच डोंगररांगेचे पाणी प्यायलेले असते. फेरी करणारा एका दिवसात ही पाणलोट रेषा दोनदा ओलांडतो. सकाळी बंगालच्या उपसागराकडे जाणारे ओढे आणि दुपारी अरबी समुद्राकडे जाणारे.

गोदावरी ब्रह्मगिरीच्या माथ्यावर उगम पावते, गुप्त होते, गंगाद्वारी पुन्हा दिसते, पुन्हा अदृश्य होते आणि शेवटी कुशावर्तात स्थिरावते, अशी श्रद्धा आहे. निसटणाऱ्या गंगेला गौतमांनी कुश गवताने आवर्तन घालून अडवले, म्हणून ते कुशावर्त. या कथेच्या आड सह्याद्रीच्या पाषाणाचा स्वभाव दडलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार तयार झाले. काही थर कठीण, काही सच्छिद्र व भेगाळ. दोन थरांमध्ये कोठे कोठे लालसर मातीचा पातळ पट्टा. पावसाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, पाणी न सोडणारा थर लागला की आडवे सरकते आणि कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गुप्त होणारी आणि पुन्हा प्रकटणारी नदी ही अशा खडकात अगदी स्वाभाविक गोष्ट आहे.

पावसाच्या गावातील तहान

याच खडकाची दुसरी बाजू कठोर आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत येथील वाड्यांतील स्त्रिया विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरतात, अशी चित्रे वर्तमानपत्रांत जवळजवळ दर वर्षी येतात. तीव्र उतारामुळे पावसाचे बहुतेक पाणी वाहून जाते आणि ते धरून ठेवणारा मातीचा व झाडोऱ्याचा थर जेथे पातळ होतो, तेथे झरे लवकर आटतात.

डोंगराच्या अंगाखांद्यावरील वस्त्यांना ‘मेट’ म्हणतात. ब्रह्मगिरीवर पूर्वी त्र्यंबकगड हा किल्ला होता. त्याच्या वाटांवरील पहाऱ्याच्या चौक्या म्हणजे मेटे. गंगाद्वार, महादरवाजा, विनायकखिंड, सुपलीची मेट ही नावे त्या जुन्या व्यवस्थेची खूण आहेत. किल्ल्याचे महत्त्व १८१८ मध्ये मराठी सत्तेबरोबर मावळले. राखणदारांच्या वस्त्या मात्र राहिल्या. महादेव कोळी, ठाकर आदी आदिवासी समाजांची कुटुंबे या परिसरात आजही शेती करतात.

सुपलीची मेट हे नाव २०२१ मध्ये वेगळ्या कारणाने चर्चेत आले. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रे व सुरुंग लावून डोंगर फोडला जात असल्याचे उघडकीस आले. नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी आणि स्थानिकांनी आवाज उठवला, प्रशासनाने दखल घेतली आणि सह्याद्रीच्या रक्षणासाठी कृती दल नेमण्याची पावले उचलली गेली. प्रश्न त्या एका जागेपुरता नव्हता. तीर्थक्षेत्राजवळच्या जमिनीला जितका भाव, तितका डोंगराच्या पायथ्यावर ताण अधिक. झऱ्याचे पाणी ज्या भेगांतून वाहते, तेथेच सुरुंगाचे हादरे पोहोचले, तर वाहत्या पाण्याची वाट बदलू शकते. गोदावरीच्या उगमाला इजा होणे आणि मेटेवरील विहीर आटणे या दोन वेगळ्या घटना नव्हेत.

परदेशातील व्यावसायिकाचा या प्रश्नाशी संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. निसर्गरम्य जागी सुटीचे घर किंवा विश्रामगृहातील वाटा घेण्याची इच्छा असणाऱ्यांत परदेशी उत्पन्न असलेले ग्राहक पुष्कळ असतात. पाया कोणत्या उतारावर खणला जाणार, पाणी कोठून आणले जाणार आणि परवानगी कोणाची आहे, हे तीन प्रश्न सौद्याआधी विचारणे हीही डोंगराची एक प्रकारे राखण आहे.

केव्हा व कसे

फेरीचा मुख्य दिवस श्रावणातील तिसरा सोमवार. रविवारी रात्रीपासूनच माणसे निघू लागतात आणि एस. टी. महामंडळ नाशिकहून जादा गाड्या सोडते. महाराष्ट्रात महिना अमावास्येनंतर सुरू होतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेनंतर, म्हणजे पंधरवडा आधी सुरू होतो. त्यामुळे उत्तर भारतीय सहकाऱ्याचा श्रावण पाहून रजा टाकल्यास चूक होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने श्रावण उशिरा, १३ ऑगस्टला सुरू होतो आणि तिसरा सोमवार ३१ ऑगस्टला येतो. २०२७ मध्ये तिसरा सोमवार २३ ऑगस्टला आहे. परंतु त्या वर्षी सिंहस्थ असून २ व ३१ ऑगस्ट या स्नानाच्या पर्वण्यांच्या मधोमध तो येत असल्याने गर्दी असाधारण असेल. ज्यांना शांतपणे चालायचे आहे, त्यांनी श्रावणातील इतर वार किंवा पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस निवडावेत.

दोह्याचा कॉर्निश सुमारे ७ किलोमीटरचा आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग तीन वेळा चालता आले, तर लहान फेरीचे अंतर पायांत आहे असे समजावे. पावसात चालण्याचा सराव मात्र तेथे होत नाही. म्हणून पकड असलेली पादत्राणे, भिजले तरी लवकर सुकणारे कपडे आणि पाठीवरच्या पिशवीत औषधे एवढे हवे. ओढ्याला लोंढा आलेला असेल, तर तो उतरेपर्यंत थांबावे. गावकरी ‘थांबा’ म्हणाले, तर तो अंतिम शब्द मानावा. पाण्याची बाटली घरून आणावी आणि रिकामी झाल्यावर परत न्यावी. वाटेतील घरी चहा-भाकर घेतली, तर तिचे मोल द्यावे. श्रावणातील ही कमाई त्या घराला उन्हाळ्यात उपयोगी पडते.

त्र्यंबकेश्वरात परतल्यावर यात्रेकरू पुन्हा कुशावर्ताचे दर्शन घेतात. सकाळी पाहिलेले पाणी तेच असते. ते कोणत्या खडकांतून, कोणाच्या शेतांवरून आणि कोणत्या वस्त्यांना वळसा घालून आले, हे मात्र तोवर पायांना कळलेले असते. समुद्राचे पाणी गोड करून पिणाऱ्या देशात परतणाऱ्या माणसाने ही जाण सोबत नेली आणि डोंगराच्या राखणीत आपला वाटा उचलला, तर पुढच्या श्रावणातही त्या वाटेवरचे झरे वाहते राहतील.