बिनशेपटीचे विमान, तुरीचे रान

१ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गच्या वैमानिकी चाचणी केंद्रावरून एक लहान विमान आपले आपण उडाले, नेमून दिलेल्या वाटेने फिरले आणि आपले आपण धावपट्टीवर उतरले. आत वैमानिक नव्हता. डीआरडीओच्या बंगळुरूतील एडीई या प्रयोगशाळेने ते तयार केले होते. पुढे १५ डिसेंबर २०२३ रोजी याच मालिकेतल्या विमानाची पूर्णपणे बिनशेपटीच्या रूपात चाचणी झाली, आणि असे विमान आटोक्यात ठेवू शकणाऱ्या मोजक्या देशांत भारताचे नाव लागले. नुसता पंखच उडतो, म्हणून या घडणीला ‘फ्लाइंग विंग’ म्हणतात.

चित्रदुर्गच्या विमानाचा सांगाडा कार्बनच्या धाग्यांचा होता. तीच घडण फोममधून, अर्ध्या किलोच्या आसपास वजनात, घरच्या ओसरीवर उतरवता येते. आळंदसारख्या तालुक्याच्या गावी तर त्यासाठी लागणारी सर्वांत दुर्मीळ गोष्ट, म्हणजे मोकळे रान, दाराशीच आहे.

आळंद कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात येते. इथून एक रस्ता कलबुर्गीला, दुसरा उमरग्याकडे, तिसरा अक्कलकोट-सोलापूरकडे जातो. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात ऐकू येतात. विमानेही या भागाला परकी नाहीत. हवाई दलाचे वैमानिक बिदरला तयार होतात, १९९६ साली उभा राहिलेला ‘सूर्यकिरण’ हा कसरतींचा चमू तिथलाच, आणि कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला. आळंद तालुक्यातच कडगंचीला २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. नाही ते छंदाचे दुकान. मोटर, रेडिओ, बॅटरी कुरिअरने मागवावी लागते. बाकीचे बहुतेक गावात मिळते.

शेपूट कशाला असते?

साध्या विमानाच्या पंखाचा छेद वरून फुगीर असतो. अशा पंखाला उचल चांगली मिळते, पण त्याला नाक खाली घालण्याची खोड असते. मागे लांबवर बसवलेली शेपटी हवेला वर ढकलते, त्यामुळे स्वतः खाली दाबली जाते आणि नाक सावरते. शेपटी काढून टाकली की हे काम पंखालाच करावे लागते.

त्यासाठी दोन उपाय एकत्र वापरतात. पहिला, पंखाची मागची कड किंचित वर उचललेली ठेवायची. दुसरा, दोन्ही पंख मागे झुकवायचे. झुकल्यामुळे पंखांची टोके गुरुत्वमध्याच्या बरीच मागे जातात आणि शेपटीचे काम करतात. मात्र टोके कितीही मागे गेली तरी खऱ्या शेपटीइतकी लांब नसतात, म्हणून चुकीला जागा कमी उरते. बैलगाडीत माल मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. फ्लाइंग विंगमध्ये वजन मागे गेले की नेमके तेच होते, फक्त सावरायला खाली जमीन नसते.

हे कोडे जुने आहे. ब्रिटनच्या जॉन डन याने मागे झुकलेल्या पंखांचे बिनशेपटीचे विमान १९१० मध्ये इतके स्थिर केले की हवेत हात सोडून त्याने कागदावर टिपणे काढली. ते पाहायला ऑर्विल राइट हजर होता. जर्मनीत होर्टन बंधूंनी १९३० नंतरच्या दशकात एकामागून एक बिनशेपटीचे ग्लायडर बांधले. अमेरिकेत जॅक नॉर्थ्रॉपने तर कारकिर्दीची बरीच वर्षे या आकारावर घालवली. त्याचे वायबी-४९ हे जेट १९४७ मध्ये उडाले. पुढच्याच वर्षी अशा एका विमानाच्या अपघातात कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स मरण पावले, आणि पुढे ती योजनाही गुंडाळली गेली. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाला त्यांचेच नाव आहे. १९८९ साली बी-२ हे बॉम्बफेकी विमान उडाले, तेव्हा त्याच्या पंखांचा विस्तार वायबी-४९ इतकाच, म्हणजे १७२ फूट होता. मधल्या चाळीस वर्षांत संगणक आला होता. जी कसरत माणसाच्या हाताला अवघड जात होती, ती संगणक सेकंदाला अनेकदा करू लागला.

फोमच्या छोट्या विमानाला त्या संगणकाची गरज नाही. त्याला योग्य जागी ठेवलेले वजन पुरते.

आधी कागद

सुरुवातीला एक मीटर विस्ताराचा पंख घ्यावा. मध्यभागी पंखाची रुंदी ३०० मिमी, टोकाला २०० मिमी. टोकाची पुढची कड नाकापेक्षा २५० मिमी मागे. एकूण क्षेत्रफळ पाव चौरस मीटर भरते. सगळे मिळून वजन ६०० ग्रॅमच्या आत राहिले, तर हे विमान ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेगालाही हवेत तग धरते. म्हणजे हाताने फेकून उडवता येते.

आता गुरुत्वमध्य. एका पंखाचे चित्र मोजपट्टीने कागदावर काढा. मधल्या रुंदीच्या रेषेला मागच्या बाजूने टोकाच्या रुंदीएवढी (२०० मिमी) रेघ जोडा. टोकाच्या रेषेला पुढच्या बाजूने मधल्या रुंदीएवढी (३०० मिमी) रेघ जोडा. या दोन नव्या टोकांना सांधणारी तिरकी रेषा ओढा. मग दोन्ही रुंदींचे मध्यबिंदू सांधा. या दोन रेषा छेदतात तिथली रुंदी ही साऱ्या पंखाची प्रातिनिधिक रुंदी. आपल्या मापात ती मध्यापासून २३३ मिमीवर येते आणि २५३ मिमी भरते. तिथली पुढची कड नाकापासून सुमारे ११७ मिमी मागे असते.

या रुंदीचा पाव भाग मागे गेले की, म्हणजे नाकापासून १८० मिमीवर, पंखाचा उदासीन बिंदू येतो. गुरुत्वमध्य त्याच्या पुढेच हवा. रुंदीच्या १५ ते २० टक्क्यांवर, म्हणजे नाकापासून १५५ ते १६७ मिमीच्या पट्ट्यात तो ठेवावा. पहिल्या उड्डाणाला १६० मिमी उत्तम. वजन पुढे गेले तर विमान जड चालते, नाक उचलायला कुरकुरते, पण ऐकते. मागे गेले तर हातातून सुटताच नाक वर काढून कोलमडते. सारा फरक दोन सेंटिमीटरचा.

फोम, तार आणि दोन माणसे

फोमच्या जाती वेगळ्या आणि स्वभावही वेगळे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला दाणेदार थर्माकोल हलका असतो, पण आपटला की दाणे सांडतो. ईपीपी हा लवचीक फोम दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो, म्हणून शिकाऊ हातांना तो सर्वांत चांगला; तो मात्र मागवावा लागतो. शाळेच्या प्रकल्पांसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पाच मिमीचा सनबोर्ड तिसरा पर्याय. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे मखराच्या शीट शोधत बसू नये; पॅकिंगचा फोम घरोघर येतोच.

सनबोर्डचा पंख करायला छेद कापावा लागत नाही. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या अमेरिकनांनी १९७२ मध्ये पेटंट घेतलेला पायरीचा छेद इथे कामाला येतो. एका शीटवर पुढच्या अर्ध्या भागात दुसरी शीट चिकटवायची, की मध्ये एक पायरी तयार होते. दिसायला ओबडधोबड, पण लहान विमानांत समाधानकारक चालते.

थर्माकोल किंवा ईपीपीच्या ठोकळ्यातून खरा छेद काढायचा तर तापलेली तार हवी. इस्त्री-शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडे नायक्रोमची तार मिळते. ती लाकडी धनुष्याला ताणून बांधायची आणि बारा व्होल्टच्या, कमी-जास्त करता येणाऱ्या पुरवठ्यावर तापवायची. घरातल्या विजेला थेट कधीही जोडायची नाही. सनमायकाच्या तुकड्यातून छेदाचे दोन साचे कापून ठोकळ्याच्या दोन बाजूंना लावायचे.

इथे एक मेख आहे. मधला साचा ३०० मिमीचा, टोकाचा २०० मिमीचा. तार दोन्हीकडे एकाच वेगाने ओढली तर टोकाकडची आधी पोचते आणि पंख वाकडा कापला जातो. म्हणून दोन्ही साच्यांवर सारख्याच संख्येच्या खुणा करतात. धनुष्याच्या दोन टोकांना दोन माणसे, एकजण मोठ्याने आकडे म्हणतो, आणि दोघे त्या त्या आकड्याला त्या त्या खुणेवर पोचतात. आळंदला हे आकडे एकाने मराठीत आणि दुसऱ्याने कन्नडमध्ये म्हटले तरी चालतात. काम मोकळ्या हवेत करावे, कारण तापलेल्या फोमचा धूर छातीला वाईट. उरलेले तुकडेही जाळू नयेत. आणि कापण्याआधी डावा-उजवा पंख पेन्सिलीने लिहून ठेवावा, नाहीतर दोन डावे पंख हाती येतात.

पंखाच्या आत ताकदीसाठी कार्बनची नळी किंवा चांगली वाळलेली बांबूची कामटी घालतात. थर्माकोलला फेविक्विक लावले की तो विरघळतो. रबराच्या सोल्युशननेही तेच होते. पांढरा फेविकॉल, दोन नळ्यांचा इपॉक्सी किंवा मंद तापवलेली ग्लू गन चालते. वरून रंगीत पॅकिंग टेप ओढून बसवली की पंख ताठ होतो आणि आकाशात दिसतोही. खालची बाजू गडद, वरची भडक ठेवावी; विमान वळते आहे की उलटे झाले आहे, हे रंगावरून कळते. टोकांना उभे पातळ पडदे लावले की नाक डावीकडे-उजवीकडे भरकटत नाही.

दोन पाती, चार कामे

मागच्या कडेला दोन्ही बाजूंना सुमारे ४० मिमी रुंदीची हलती पाती असतात, त्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही एकदम वर गेली की नाक वर, एकदम खाली गेली की नाक खाली. उजवे वर आणि डावे खाली गेले की विमान उजवीकडे कलते, उलट केले की डावीकडे. हे मिश्रण रेडिओतच होते. फ्लायस्कायच्या एफएस-आय६ सारख्या साध्या रेडिओतही त्याची सोय आहे. पाती हलवायला नऊ ग्रॅमचे दोन सर्वो लागतात. मागे २२१२ मापाची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, आणि नाकात तीन सेलची १५०० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी. एवढ्यात आठ-दहा मिनिटांचे उड्डाण होते. रेडिओ आणि चार्जर धरून खर्च साधारण आठ-दहा हजार रुपयांच्या घरात जातो.

मोटर मागे असली तरी तिच्यावरच्या पंख्याची (प्रोपेलरची) अक्षरे विमानाच्या नाकाकडेच हवीत. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल कराव्यात. सगळ्या जुळवण्या पंखा काढून ठेवूनच कराव्यात. रेडिओचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद पडेल, हेही आधीच ठरवून तपासावे. बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये. ठेवून द्यायची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीत ती विसरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

रान मोकळे झाल्यावर

दिवाळीत या भागात तूर उभी असते. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कलबुर्गीची तूरडाळ याच काळ्या मातीतली. उभ्या पिकावर विमान उडवले, तर शोधायला जाणारी पावले पिकाचे नुकसान करतात. म्हणून दिवाळीच्या सुटीत बांधावे आणि तुरीची रास झाल्यावर उडवावे. पौष-माघात रान मोकळे असते, सकाळी वारा पडलेला असतो, आणि नांगरलेल्या काळ्या ढेकळांपेक्षा कापणी झालेले सपाट वावर उतरायला बरे. शेतमालकाला विचारूनच पाऊल टाकावे. विजेच्या तारा आणि जनावरे दूर असावीत.

आधी मोटर बंद ठेवून, वाऱ्याच्या तोंडाला, सरळ क्षितिजाकडे फेकावे, वर नव्हे. दहा-बारा पावलांवर ते सरळ तरंगत उतरले, तर तोल जमला. नाक वर काढून थबकले तर बॅटरी पुढे सरकवावी. खाली झेपावले तर पाती दोन-तीन मिमी वर उचलून पुन्हा पाहावे. मोटर लावून फेकताना पंखा हातामागून जातो, हे विसरू नये. आधी फेकावे, हात बाजूला झाला की मोटर द्यावी. उंची मिळेपर्यंत वळू नये.

कायदाही सोपा आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅम ते दोन किलोपर्यंतच्या यंत्राला ‘मायक्रो’ म्हटले आहे. धंद्यासाठी नसेल तर ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. डोळ्यांसमोर, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी उडवलेल्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्रातूनही सूट आहे. नोंदणीचे नियम मात्र उडवण्याआधी पाहून घ्यावेत, आणि सरकारच्या ऑनलाइन नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हेही. हिरव्या पट्ट्यात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत मुभा असते. विमानतळाच्या आणि हवाई तळाच्या आसपास ती नसते. माणूस बसवायचा विचार असेल, तर गोष्टच वेगळी. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणीसाठी २०१७ पर्यंत आणि उडवण्याच्या परवानगीसाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले.

या छंदाचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतातच. स्वित्झर्लंडच्या सेन्सफ्लाय कंपनीचे ‘ईबी’ हे जमिनीचे नकाशे काढणारे विमान जगभर वापरले गेले, आणि तेही फोमचे, बिनशेपटीचे, मागे पंखा असलेलेच आहे. कमी ऊर्जेत जास्त वेळ हवेत राहणे ही या आकाराची खरी मिळकत. शेताच्या बांधापासून तलावाच्या गाळापर्यंत मोजण्यासारखे या भागात पुष्कळ आहे, आणि ते यंत्र आतून कसे चालते हे जाणणारी मुले इथलीच असायला हवीत.

शाळा-महाविद्यालयांसाठी हिशेबही सोयीचा आहे. पंख तुटतो, मोटर, सर्वो, रेडिओ सहसा वाचतात. म्हणून प्रत्येक मुलाला वेगळा संच घेण्यापेक्षा एका शाळेने एक संच घ्यावा, आणि दर वर्षीच्या तुकडीने आपला पंख आपण कापावा. सोबत एक वही ठेवावी: विस्तार, रुंदी, वजन, गुरुत्वमध्याचे मिलिमीटर, आणि त्या मापाने विमान कसे वागले. पाच वर्षांत त्या वहीत या मातीच्या, या वाऱ्याच्या आणि या उंचीच्या नोंदी जमतील. कुरिअरने येणाऱ्या कुठल्याही खोक्यात त्या मिळत नाहीत.