'जरा' कुठे गेला?

पहाटे ५.३० : वडसा स्टेशनजवळच्या टपरीवर पहिला चहा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या गाडीची माणसं येण्याआधी पोहे तयार लागतात. "भाऊ, एक प्लेट द्या ना, तर्री जास्त टाकजा जरा." माझा कान तिकडेच. हॉटेलातल्या नोकरीसाठी नागपूर-हैदराबादला जाऊ बघणाऱ्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो आणि माझा धडा इथूनच सुरू होतो.

सकाळी ९ : वर्ग. पाणी मागा म्हटलं, की टपरीवर पोहे देणारा मुलगा उभा राहतो, "गिव्ह मी वॉटर." ऐकणारा त्याला उद्धट म्हणेल. पण तो उद्धट नाही! मराठीत 'कृपया' फलकावर राहतो. बोलण्यातली अदब 'द्या ना', 'आणता का' अशा क्रियापदात असते, 'जरा'त असते. भाषांतरात नेमका हा 'जरा' गळून पडतो. इंग्रजीत तो 'कुड'मध्ये सापडतो : "कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?" जेवण सांगताना "आय वॉन्ट" नको, "आय विल हॅव द दाल फ्राय" म्हणा. तासभर एवढंच घोटतो. हे एक कळलं की बाकीचं पोरं आपणच जुळवतात.

दुपारी १ : खानावळ. धानाचा मुलूख, भाताला तोटा नाही. "घ्या ना अजून!" दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं, ही आपली रीत. इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक "आय ॲम फाइन, थँक यू" म्हणालं, की तो नकारच. तिथे आग्रह थांबवायचा, हे पोरांना जड जातं.

दुपारी ४ : सराव. झाडीपट्टी रंगभूमीचं हे गाव. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम. पोरांना भूमिका घ्यायला लाज वाटत नाही. एक गिऱ्हाईक होतो, दुसरा वेटर. "आर यू रेडी टू ऑर्डर?" ताट उचलताना "फिनिश्ड?" म्हटलं तर उठा म्हटल्यासारखं होतं, "मे आय टेक धिस?" विचारावं. ब्रिटनमध्ये बिल, अमेरिकेत चेक. आपलं पार्सल तिथे टपालाचं; जेवण न्यायचं तर ब्रिटनमध्ये टेकअवे, अमेरिकेत टू गो.

रात्री ८ : परतताना पुन्हा टपरी. चहा संपतो. फडकं खांद्यावर टाकून तोच मुलगा जवळ येतो, हळूच विचारतो, "सर, मे आय टेक धिस?"

मी कप त्याच्याकडे सरकवतो.